पेंडिंग शून्य

घरून काम सुरू झालं त्या वर्षी मी अर्धं गुहागर विकत घेतलं. दुबईत, अल कुसैसच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाशी बसून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी अशा पोशाखात. हातात काठी घेऊन गवतातून चालत जमिनी दाखवणारे ते एजंट असतात ना, 'इथून डायरेक्ट समुद्र दिसतो, म्हणजे मधली टेकडी सोडली तर' असं सांगणारे, त्यांचा एकही व्हिडिओ माझ्या हातून सुटला नाही. कुठल्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि कुठल्या सातबाऱ्यावर कुणाची रुसलेली आत्या बसून आहे, हे मला तिथल्या तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक झालं होतं.

गुहागरचा कंटाळा आला की गालिचे. वर्षानुवर्षं चिखलात पुरून ठेवल्यासारखा गालिचा कुणीतरी फवाऱ्याने धुतं, काळं पाणी वाहत जातं आणि खालून हिरवा मोर निघतो. असे गालिचे मी इतके पाहिले की त्या पाण्यात शारजा बुडाली असती. शिवाय मिसळीत बटाटा घालावा की नाही यावरून कोल्हापूरच्या एका गृहस्थांशी कॉमेंटमध्ये माझं जे युद्ध पेटलं, ते रमझान येऊन गेला तरी विझलं नाही. शेवटी त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

या सगळ्यातून वेळ उरला तर नोकरी.

नोकरी इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत. एसी गार होत नाही, बाथरूमचं छत गळतं, लिफ्टमध्ये कुबट वास येतो, अशा भाडेकरूंच्या तक्रारी सिस्टिममध्ये यायच्या. दुरुस्ती करणारे ठेकेदार वेगळे. ठेकेदाराने काम केलं का, फोटो पाठवला का, फोटो त्याच बाथरूमचा आहे का, हे बघून तक्रार बंद करायची, एवढंच माझं काम. आमचं ऑफिस दुबई मरीनात होतं. त्याचं भाडं झेपेना तेव्हा मालकाने अर्धा मजला सोडला आणि आमच्यासारख्यांना लॅपटॉप देऊन घरी बसवलं. माझ्या बाजूला बसणारा वसईचा माणूस त्याच सुमारास कॅनडाला निघून गेला. त्याची जागा रिकामी राहिली आणि त्याच्या वाट्याच्या तक्रारी माझ्याकडे वळल्या. आमचा लेबनीज मॅनेजर जगातला सगळ्यात गोड माणूस. शिवी देतानाही 'हबीबी' लावायचा, त्यामुळे ती शिवी होती हे माणसाला घरी गेल्यावर कळायचं. तो म्हणाला, "हबीबी, थोडे दिवस सांभाळ. दिवाळीच्या सुमाराला बघू, इन्शाल्ला, लोड असेल तर दुसरा माणूस देतो."

लोड होताच. पेंडिंग तक्रारींचा असा डोंगर झाला होता की इथल्या सगळ्यात उंच जबल जैसने मान खाली घालावी. पण मी त्याला भीत नसे. पगारी माणसाने पेंडिंग कधी पूर्ण संपवू नये, थोडं अंगावर ठेवावं, म्हणजे मालकाला आपली आठवण राहते, असं माझं मत होतं आणि त्या मताला मी निष्ठेने जागत होतो.

खालच्या मजल्यावर माझा मित्र राहायचा. मूळचा मिरजेचा, अबुधाबीतल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर. मी त्याला इंजिनीअर म्हणायचो, तो मला शेठ. इतकी वर्षं तो उजाडायच्या आत गाडी काढून अबुधाबीला जायचा आणि आमच्या बिल्डिंगचा वॉचमन त्याच्या गाडीच्या आवाजावर घड्याळ लावायचा. गणपती झाले आणि एक दिवस तो माझ्या दाराशी उभा. पायात बूट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात डबा.

"शेठ, आमच्याकडेही वर्क फ्रॉम होम सुरू झालं. तुझ्याकडे बसू का?"

"तुझ्या घरात काय झालं?"

"मुलीचं ऑनलाइन ट्यूशन असतं. दहावी आहे ना. माझ्या मीटिंगचा आवाज होतो."

माझा मुलगा शिकायला पुण्यात, बायको एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये, ती सकाळीच जायची. फ्लॅट रिकामा. मी म्हटलं, ये.

तेव्हापासून टेबलाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तो. आणि काय काम करायचा माणूस! कीबोर्डवर असा तुटून पडायचा की मला खालच्या मजल्याच्या छताची काळजी वाटे. मध्येच हेडफोन लावून मीटिंग, मध्येच वहीत रेघा. चहासुद्धा उभ्याने. त्याच्यासमोर मला मोबाइल टेबलाखाली धरून बघायला लागायचा, शाळेत बाकाखाली चिंचा खायचो तसा. संध्याकाळी बायको आली की आधी त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे.

"बघ," ती म्हणायची. "त्याच्या शेजारी दिवसभर बसतोस. काही वारा तरी लागू दे."

"वहिनी, शेठचं काम डोक्याचं आहे," तो म्हणायचा. "ते दिसत नाही."

"इतकी वर्षं झाली, मला नाही दिसलं अजून."

नवरात्राच्या आसपासची गोष्ट. दुपारी मी दापोलीतल्या एका विहिरीच्या काठावर उभा होतो, म्हणजे एजंट उभा होता आणि मी बघत होतो. तो आत वाकून पाणी दाखवणार इतक्यात सगळं थांबलं. गोल गोल चक्र. मी उठून राउटर बघितला तर दिवा लाल. अख्ख्या बिल्डिंगचं नेट गेलं होतं, जिन्यात पोरांचा आरडाओरडा चालला होता.

इंजिनीअरला सांगायला वळलो तर तो मीटिंगमध्ये.

"येस, येस, कॅन यू सी माय स्क्रीन?" तो म्हणत होता. "हो, त्या कॉलमकडे बघा. नो नो, तुम्ही बोला, मी ऐकतोय."

आणि तो ऐकत होता. मान हलवत होता, वहीत टिपून घेत होता. त्याच्या मागच्या काचेच्या कपाटात त्याची स्क्रीन मला उलटी दिसत होती. तिच्यावर रिकामी एक्सेल होती, रेघा आणि रेघांमध्ये काही नाही. मध्येच तो हसला. साहेबाच्या विनोदाला आपण हसतो तसं, जरा उशिराने आणि जरा जास्त.

मी आयुष्यात पुष्कळ थापा ऐकल्यात आणि त्याहून जास्त मारल्यात. थाप मारायला समोर एक तरी माणूस लागतो. इथे कुणीच नव्हतं. मी खुर्चीवर बसलो आणि बंद पडलेल्या विहिरीकडे बघत राहिलो.

त्याने हेडफोन काढले. "लांबली आज," म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "चहा टाकतो."

चहा घेताना जिन्यातून एक बाई ओरडली की नेट कधी येणार म्हणून विचारा कुणीतरी. त्याने राउटरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कधी गेलं?"

"मी कुठे बघतो दिव्याकडे."

"शेठ."

"बरंच आधी," मी म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला. कान लाल झाले होते. "गणपतीच्या आधी काढलं. प्रोजेक्टच बंद झाला. लॉगिन त्याच दिवशी काढून घेतलं. नोटीस चालू आहे तोवर व्हिसा आहे, पुढे थोडी मुदत देतात, ती कशीबशी जानेवारीपर्यंत. मग खलास."

"वहिनींना?"

"नाही सांगितलं. तिला सांगितलं की मुलीला कळणार. फेब्रुवारीत तिचं बोर्ड आहे. तेवढं होईपर्यंत एखादी नोकरी मिळाली तर कुणाला कळायचंच नाही, एक कंपनी सोडली नि दुसरी धरली असंच म्हणता येईल."

"मग शोध ना."

"शोधतो की. रोज सकाळी शोधतो. जेवायच्या आत शोधून होतं. मग दिवस उरतो."

"आणि ही मीटिंग?"

"आमची असायची या वेळेला. हात आपोआप हेडफोनकडे जातो. तू हसशील."

मी कुठल्याही गोष्टीला हसतो असा माझा लौकिक आहे. पण तेव्हा नाही हसलो. उलट माझ्या डोक्यात एक योजना आली. वसईकराची जागा रिकामी होती. दिवाळीच्या सुमारास ती भरायची की नाही ते ठरणार होतं. इंजिनीअरला आमची सिस्टिम शिकवून तयार केलं, त्याचा सीव्ही मॅनेजरच्या हातात दिला आणि 'हा माणूस उद्यापासून बसू शकतो' असं सांगितलं, तर काम होण्यासारखं होतं. पगार कमी होता, हुद्दा कमी होता. पण व्हिसा होता आणि मुलीचं बोर्ड पार पडलं असतं.

त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा धुतलेल्या गालिच्यासारखा झाला.

"आजपासून शिकव," म्हणाला.

मी शिकवलं. म्हणजे लॉगिन उघडून दिलं आणि सांगितलं, ही तक्रार, हा ठेकेदार, हा फोटो. पुढचं त्याने मला शिकवलं. आमचा एक ठेकेदार दुरुस्त केलेल्या छताचा एकच फोटो वेगवेगळ्या इमारतींसाठी पाठवत होता, अख्ख्या देरा भागाला एकच छत पुरवलं होतं त्याने. ते इंजिनीअरने पहिल्याच आठवड्यात पकडलं. मग माझ्या नावाने फोन लावून त्या ठेकेदाराला हिंदीत असा झापला की तो पठाण दुसऱ्या दिवशी मला सॉरी म्हणायला फोन करतो. मी म्हटलं, "ठीक है, आगे से ध्यान रखो," आणि पुन्हा दापोलीत शिरलो. भाडेकरूंच्या आभाराच्या ईमेल येऊ लागल्या. एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी तर लिहिलं की इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्या बाल्कनीकडे मनापासून लक्ष दिलं. बायकोला ती ईमेल दाखवली. तिने मला ताप आहे का बघितलं.

तो खुश होता हे सांगायला हवं. गळ्यात ओळखपत्र तेच, जुन्या कंपनीचं, पण टाइप करताना आता त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसायचं. मीटिंगची वेळ झाली तरी हेडफोनकडे हात जायचा नाही. समोर गळकं छत असायचं ना, खरं.

मी मात्र त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती.

"इंजिनीअर, शुवय शुवय. हळू. सगळं बंद करू नकोस. डोंगर दिसला तर दुसरा माणूस देतील. डोंगर हीच तुझी नोकरी आहे."

"समजलं, शेठ."

"अर्धं उघडं ठेवायचं."

"समजलं रे. किती वेळा?"

त्याला समजलं होतं, यात मला आजही शंका नाही. पण समजणं वेगळं आणि हात वेगळा. हा माणूस पंगतीत वाढायला उभा राहिला तर शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय बादली खाली न ठेवणाऱ्यांपैकी. आणि मी आकडे बघत नव्हतो. आयुष्यात इतका मोकळा वेळ मला कधी मिळाला नव्हता. दापोली संपवून मी मंडणगडात उतरलो होतो, आणि कोल्हापूरच्या गृहस्थांनी आता पुरणपोळीचा विषय काढला होता.

दिवाळी तोंडावर आली. वहिनींनी खाली साफसफाई काढली होती, इंजिनीअर सकाळी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर माळ्यावरची धूळ असायची. एका सकाळी तो आला, बसला आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही. जेवायलाही उठला नाही. मी एकदा विचारलं, काय एवढं? तो म्हणाला, "काही नाही, जरा आवरतोय." सीव्ही मी आदल्या दिवशीच पाठवला होता. मॅनेजरचा फोन त्या दिवशी येणार होता. त्याने ऐकावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"हबीबी," मॅनेजर म्हणाला, "तू सिंह आहेस. माशाल्ला."

मी म्हटलं, "थँक यू सर. लोड फार आहे सर. तो सीव्ही पाठवलाय, फार चांगला माणूस आहे, माझ्या डोळ्यासमोरचा."

"कुठला लोड?" तो हसला. "माझ्यासमोर स्क्रीन आहे. पेंडिंग शून्य. आमच्या कंपनीत शून्य मी पहिल्यांदा बघतोय. मी फोटो काढून मालकाला पाठवला. मालक म्हणाला, एक माणूस दोघांचं काम करतो तर दुसरा कशाला? ती जागा काढून टाकली. खलास. यल्ला, हॅपी दिवाली, हबीबी."

मी काहीतरी बोललो. शून्य आजचं आहे, उद्या परत डोंगर होईल, हा सिंह म्हातारा आहे, वगैरे. तो हसत राहिला. त्याला वाटलं मी नम्रपणा करतोय.

फोन बंद झाला. इंजिनीअर माझ्याकडे बघत नव्हता. स्क्रीनकडे बघत होता.

"कशाला?" मी म्हटलं. "कशाला केलंस सगळं?"

"दिवाळी आहे," तो म्हणाला. "दिवाळीला घरात जळमट ठेवत नाहीत." मग स्क्रीनकडे बोट करून, "मला वाटलं, सीव्ही जातोय तर समोर स्वच्छ दिसावं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात सिस्टिममध्ये टुण करून एक नवी तक्रार आली, कुणाचा तरी गीझर, आणि त्याचा हात माऊसकडे गेला. तो हात त्याने स्वतःच दुसऱ्या हाताने धरला आणि मांडीवर ठेवला.

दिवाळी आम्ही साजरी केली. चकल्या झाल्या, वहिनींनी रांगोळी काढली, बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये पणत्या लावल्या आणि वॉचमनने नेहमीप्रमाणे त्या विझवायला लावल्या. इंजिनीअर सगळ्यांशी हसून बोलला. दरम्यान त्याला दोन ठिकाणी बोलावलं आणि नंतर कळवतो म्हणाले. अजून कळवतायत. भाऊबीज उलटल्यावर तो मला म्हणाला, "आज सांगतो तिला. तू ये."

"मी कशाला?"

"तू बोललास तर हलकं होईल."

हे माझ्या कर्तबगारीचं सर्टिफिकेट होतं. मी खाली जाताना जिन्यात गोष्ट जुळवत होतो, मंदी, मालकाचं दिवाळं, जगात काय चाललंय वगैरे. आत जाऊन बसलो. त्याने माझ्यापर्यंत काही येऊच दिलं नाही. पाणीसुद्धा यायच्या आत एका वाक्यात सांगून टाकलं, गणपतीच्या आधीपासून नोकरी नाही.

वहिनी उभ्याच राहिल्या. त्याच्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"भाऊजी, रोज तुमच्याकडे बसत होते ना?"

"हो."

"डबा घेऊन जायचे. पाठ दुखते म्हणून मी रात्री मलम लावत होते. मग दिवसभर करत काय होते?"

"काम करत होता वहिनी."

"कुणाचं?"

मी इतका बोलका माणूस. म्हटलं, "माझं."

त्यांनी हातातला पाण्याचा ट्रे टेबलावर ठेवला. एकही ग्लास पुढे केला नाही. आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती, कानात अर्धा हेडफोन.

"बाबा," ती म्हणाली, "सो डू आय राइट माय बोर्ड्स ऑर नॉट?"

"राइट बेटा," तो म्हणाला. "ते बघतो मी."

बघायचं ते वहिनींनीच बघितलं. शाळेत जाऊन बसल्या, प्रिन्सिपलना भेटल्या. ठरलं असं की जानेवारीत व्हिसा गेला की सगळ्यांनी मिरजेला जायचं, आणि परीक्षेच्या वेळी मायलेकींनी व्हिजिट व्हिसावर परत यायचं, आमच्याकडे राहायचं. सोफा, फ्रिज, मुलीचं अभ्यासाचं टेबल, सगळं बाहेरच्या लोकांनी येऊन उचलून नेलं. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी इंजिनीअरने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "तो गीझरवाला ठेकेदार लबाड आहे. फोनवर हो म्हणतो आणि जात नाही."

मग डोंगर परत उगवला. मी दोघांचं काम करणारा सिंह होतो ना, आता मला माझं एकट्याचंही झेपेना. ठेकेदारांनी माझा खरा आवाज ओळखला आणि निर्धास्त झाले. इंग्रज बाईंच्या बाल्कनीत परत पाणी. मॅनेजर रोज विचारायचा, "हबीबी, तब्येत बरी आहे ना?" त्यातली शिवी मला आता घरी न जाताच कळायची. मी मोबाइलला हात लावत नव्हतो. कोल्हापूरच्या गृहस्थांनी पुरणपोळीवर विजय जाहीर केला, मी उत्तर दिलं नाही.

तेव्हा मिरजेहून मेसेज आला. 'काही पाठवायचं असेल तर पाठव. बसूनच आहे.'

मी पाठवलं. सिस्टिममधून एक्सेलची शीट काढायची, त्याला ईमेल करायची. तो तिकडून ठेकेदारांना फोन लावायचा, शेरे भरायचा, संध्याकाळपर्यंत शीट परत. मी फक्त चिकटवायचो. दोघांचाही फायदा, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याचा कुठला?" मी म्हटलं, मन रमतं त्याचं. ती पुढे काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

फेब्रुवारीत मायलेकी आल्या. मुलाच्या खोलीत त्यांची सोय केली. इंजिनीअर आला नाही. मुलगी पेपरला गेली की वहिनी माझ्या बायकोने ठेवलेल्या भाज्या चिरत बसायच्या, माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. दुसऱ्या का तिसऱ्या पेपरच्या दिवशी सुरी खाली ठेवून म्हणाल्या,

"भाऊजी, एक काम आहे. त्यांना काढून टाका."

"कुठून?"

"तुमच्या कामावरून."

मी म्हटलं, वहिनी, ती काय नोकरी आहे का, नुसती मदत करतो तो.

"ते तुम्हाला. तिकडे सासऱ्यांनी अख्ख्या गल्लीत सांगितलंय, मुलगा दुबईच्या कंपनीत घरून काम करतो. सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, वरच्या खोलीत बसतात. कुपवाडचा एक कारखानदार दोनदा घरी आला. त्याला शेड बांधायची आहे, माणूस हवाय. हे म्हणाले, मला वेळ नाही. लेकीच्या परीक्षेला चला म्हटलं तर म्हणाले, ड्यूटी आहे."

"मी शीट पाठवणं बंद करतो. हळूहळू समजेल."

"नको. मग वाट बघत बसतील. मला माहितीयेत ते. सांगा त्यांना. कंपनी सांगते तसं, नीट." त्यांनी परत सुरी उचलली. "तुमचं अडेल. अडू दे."

त्यांच्यासमोरच फोन लावला. तो लगेच उचलला. "बोल शेठ. ते एसीचं झालंय, पाठवतो."

मी कितीतरी लोकांना कायकाय पटवलंय. एका माणसाला मी मंडणगडात विमानतळ होणार हेही पटवलं होतं. पण त्या दिवशी मला लेबनीज मॅनेजरचंच वाक्य सापडलं, तेही बिनहबीबीचं.

"इंजिनीअर, उद्यापासून शीट येणार नाही. बंद करतायत."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"कामात काही चुकलं का माझं?"

"नाही रे."

"कुणी काही बोललं?"

"नाही. असंच. वरून आलंय."

मागून म्हाताऱ्या माणसाने विचारलं, कुणाचा फोन? तो म्हणाला, "ऑफिसचा." मग मला म्हणाला, "ठीक आहे. होतं असं." आणि ठेवला.

वहिनी समोरच होत्या. त्यांनी ऐकलंच होतं. म्हणाल्या, "आता बघते, मला कधी सांगतात."

संध्याकाळी मुलगी पेपर देऊन आली, माझी बायको हॉस्पिटलमधून आली, आम्ही चहाला बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला; मिरजेचं घड्याळ दीड तास पुढे, तिकडे जेवायची वेळ उलटत आली होती. वहिनींनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. त्याने मुलीला पेपर कसा गेला विचारलं. ती म्हणाली, इट वॉज ओके बाबा. त्याने पुढचा पेपर कधी ते विचारलं. तिकडे जेवण नीट होतं का विचारलं.

"तुम्ही जेवलात?" वहिनी म्हणाल्या.

"नाही अजून."

"एवढा उशीर?"

"हो, आज काम बरंच आलंय," तो म्हणाला. "बसावं लागेल जरा वेळ."

वहिनी फोनकडे बघत राहिल्या. मुलगी बिस्कीट बुडवत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "फार वेळ बसू नका."